सगळं कार्डावर आहे

"हे सगळं त्या एवढ्याशा पाटीवर मावतं?" भूपालमामांनी विचारलं.

मी कॉम्प्युटरचं झाकण उचलून बाजूला ठेवलं होतं. आत हिरव्या पट्ट्या उभ्या खोचलेल्या होत्या, त्यांतल्या एकीवर मी बोट ठेवलं. मामा चष्मा कपाळावर सरकवून इतके वाकले, की त्यांची टोपी आत पडते की काय असं मला झालं.

"पाटी नाही मामा. कार्ड. मेमरी कार्ड."

"कार्ड?" मामा ताठ उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "मग तसं सांग की! कार्ड म्हंटल्यावर आमाला कळंना व्हय?"

कार्ड हा शब्द इचलकरंजीत कुणाला शिकवावा लागत नाही. साडीच्या काठावर मोर किंवा रुईफूल विणायचं, तर ते आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढायचं. मग त्याबरहुकूम जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्यानं ओवायची आणि ती माळ जॅकार्डवर, म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेल्या यंत्रावर, चढवायची. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. मामांच्या कारखान्यात अशा कार्डांचे गठ्ठे छताला टांगलेले असत, त्यांतले काही माझ्या आजोबांच्या वेळचे होते. माग मोडीत निघाला तरी बिघडत नसे. कार्डं उतरवून दुसऱ्या मागावर चढवली, की तोच मोर पुन्हा विणून निघायचा.

"आता बघा," मी म्हणाले आणि कीबोर्डवरचं एक बटण दाबलं.

पडद्यावर रुईफुलाचा काठ सरकायला लागला. माग कापड सोडतो तसा, कुठे न अडखळता. मामांच्या तोंडून "आयला!" निघालं आणि लगेच त्यांनी जीभ चावली, कारण पलीकडच्या स्वयंपाकघरात आई होती.

आज हे सांगताना माझ्या विद्यार्थिनी हसतात. त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये अशी हजारो कार्डं मावतील. पण नव्वद साल उजाडायचं होतं तेव्हा, आणि माझं मशिन म्हणजे एका अमेरिकन मशिनची मुंबईत बनवलेली नक्कल होती. त्याचा फ्लॉपीचा ड्राइव्ह एकेका चित्रासाठी म्हाताऱ्यासारखा खाकरत बसायचा. म्हणून मी एक युक्ती केली होती. जादा मेमरीचं कार्ड बसवून मशिनला सांगायचं, की बाबा रे, ही तुझी डिस्क. मशिन बिचारं भोळं. त्याला ती डिस्कच वाटायची. चित्रं आधी कार्डावर भरून ठेवली, की पापणी लवायच्या आत एकामागून एक समोर येत. खोट एकच होती. वीज गेली की कार्डावरचं सगळं पुसलं जायचं, म्हणून रोज संध्याकाळी ते फ्लॉपीवर उतरवून ठेवावं लागे.

आणि नेमका त्याच दिवसांत फ्लॉपीचा ड्राइव्ह बिघडला. कारखान्यातले कापसाचे तंतू आत जाऊन बसले असावेत. तो दुरुस्तीला पुण्याला गेला आणि तिकडेच रमला. मी काही थांबले नाही. मशिन बंदच करायचं नाही असं ठरवून काढत सुटले.

"लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल मामा," मी म्हणाले होते. त्यावर मामांनी एका शब्दानं काही न विचारता ट्रकच्या दोन बॅटऱ्या उतरवून आणल्या, कोल्हापूरहून इन्व्हर्टर आणला, आणि माझं मशिन तेव्हापासून रात्रंदिवस बॅटरीवर चालत होतं. असा मामा कुणाला मिळतो?

"आन मुंबईच्या शेठला दावायची सगळी डिझाइनं कुठं हायत आता?" मामांनी विचारलं.

"सगळं कार्डावर आहे."

"मग काळजी न्हाई," ते म्हणाले आणि झाकण त्यांनी स्वतःच्या हातानं जपून परत बसवलं.

माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. मामा येऊन आम्हा दोघींना इचलकरंजीला घेऊन आले. मामी आधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. आईनं त्यांचं घर सांभाळलं आणि त्यांनी आम्हाला. मला पुण्याला शिकायला त्यांनी ठेवलं, कॉम्प्युटर त्यांनीच घेऊन दिला, भाऊबंद "पोरीला कशाला हवीत ही थेरं" म्हणाले तेव्हा त्यांची तोंडंही त्यांनीच बंद केली. मी त्यांना देव मानत होते असं म्हणणार नाही, कारण देवाला आपण नवस बोलून आजमावतो. मामांना आजमावावं असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

पण आईचं एक होतं. ती मामांच्या दारात रोज रांगोळी काढायची आणि कधीतरी पुटपुटायची, "एकदा माझ्या सोताच्या उंबऱ्याला काढीन, मग मरीन." माहेर कितीही मायेचं असलं तरी ते भावाचं घर असतं. त्यात मामांचा हात कधी आखडला नाही, पण आई मात्र सदा जराशी अंग चोरूनच वावरायची.

मुंबईच्या कापड बाजारातले रतिलाल शेठ मंगळवारी येणार होते. गेल्या खेपेला त्यांनी माझे दोन काठ पडद्यावर पाहिले होते. "बेन, असे भरपूर काढा," ते म्हणाले होते. "पसंत पडले तर वर्षभराचं काम थेट तुमच्याशी. मुंबईत जागा आपण देऊ, आईंना पण आणा." मामा तिथेच बसले होते. त्यांनी हसून मान हलवली होती. त्या शब्दावर मी महिनाभर जेवणखाण विसरून काठ काढले. आलेखाच्या कागदाला शिवले नाही, सरळ पडद्यावरच. कोयरीची वेल, करवतीचे दात, उलट्या दिशांना तोंडं केलेले पोपट. त्यातला एक पोपट तर इतका आगाऊ निघाला होता, की आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

आमच्या गावाला शुक्रवारी विजेची सुट्टी. त्या दिवशी माग बंद, आणि एरवीच्या खडखडाटाला सरावलेल्या माणसांना आपलं बोलणंही मोठं वाटतं. गुरुवारी जेवताना मामा म्हणाले, "आक्का, उद्या बाहुबलीला जाऊन या की दोघी. पोरीचं काम मार्गी लागू दे म्हणून पाया पडून या. जीप सांगून ठीवलीया."

आई खुलली. कुंभोजच्या डोंगरावर जायचं ती कितीतरी दिवस घोकत होती.

"पण मामा, मशिन चालू आहे," मी म्हणाले. "बॅटरीकडे बघायला कुणीतरी हवं."

"मी मेलो व्हय? हितंच बसून ऱ्हातो. तू जा बिनघोर."

मी बिनघोर गेले. डोंगराच्या पायऱ्या चढताना आई मध्येच थांबली आणि म्हणाली, "भूपाल न्हाई मागत देवाकडं सोतासाठी कायबी. त्याच्यासाठी तू माग." मी मागितलं. काय मागितलं ते आता सांगत नाही, लाज वाटते.

परत आलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. मी चप्पल काढून सरळ माझ्या खोलीत गेले. मशिनवरचा लाल दिवा विझलेला होता. मला वाटलं, बॅटरी उतरली. मग पाहते तो मशिनचं बटणच बंद केलेलं. झाकण नीट बसवलेलं, वरचं कापडसुद्धा घडी करून ठेवलेलं. झाकण उचललं. कार्डाची खाच पडलेल्या दातासारखी रिकामी होती.

"मामा!"

मामा धावत आले. मी बोट दाखवलं. त्यांनी आत पाहिलं, मग कपाळावर हात मारला. "आगं, दुपारी जरा आडवा झालो. डोळा लागला असंल. तेवढ्यात कोण मेलं कडमडलं?"

"मामा, माझं सगळं गेलं."

"रडू नगं. रडू नगं पद्मे." त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांच्या सदऱ्याला खळीचा वास यायचा, लहानपणापासून ओळखीचा. त्या वासात मी हमसून हमसून रडले. पोलिसांत जाऊ या म्हटलं तर ते म्हणाले, "शेठ मंगळवारी यायचा हाय. कारखान्यात चोरी झाली म्हंटल्यावर कोण धंदा करंल आपल्यासंगं? मी बघतो. गावात कुणी इकायला आणलं तर माझ्या कानावर आल्याबिगर ऱ्हात न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते सुताच्या कामाला म्हणून सोलापूरला गेले. मी कामगारांना विचारलं, बाजूच्या कारखान्यांत विचारलं, भंगारवाल्याच्या दुकानात जाऊन आले. कुणाला काही ठाऊक नव्हतं. चोर मोठा व्यवस्थित होता, एवढंच मला कळत होतं. मशिन चालू असताना हात घालायचा नाही हे भान असलेला, कापडाची घडी करणारा चोर. आता वाटतं, याहून जास्त त्यानं काय सांगायला हवं होतं? नाव लिहून ठेवायचंच बाकी होतं.

संध्याकाळी आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "घरातल्या घरात लई शोधू न्हाई, पद्मे."

"घरातल्या घरात कुठं शोधतेय? मी बाहेर शोधतेय."

भाकरी तव्यावर टाकून तिनं तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

मग मी आलेखाचे कागद काढले आणि पेन्सिलीनं आठवेल तसे काठ काढायला बसले. कोयऱ्या जमल्या. करवतीचे दात जमले. पोपट काही केल्या तसा आगाऊ होईना. महिनाभराच्या कामातलं मूठभर हाती लागलं, पण शेठसमोर रिकाम्या हातानं बसायची वेळ येणार नव्हती. सोमवारी मामा परतले. मी केलेले कागद पाहून म्हणाले, "कशाला येवढा जीव काढतीयास?" त्यांचं लक्ष कुठेतरी भलतीकडेच होतं. मला वाटलं, माझ्या काळजीनं.

मंगळवारी रतिलाल शेठ आले. घराला लागून असलेल्या कारखान्याच्या ऑफिसात मामा खुर्चीत बसले होते, मी कागद मांडून उभी होते.

"शेठ, एक अडचण झाली," मी सुरुवात केली. "कार्ड चोरीला गेलं. पण मी पुन्हा..."

शेठनी हात वर केला. रागावलेले नव्हते, कंटाळलेले होते. "बेन, आता नवं काय दाखवता?" त्यांनी बॅगेतून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. रुमाल सोडला. माझं कार्ड होतं.

"आमच्या ऑफिसात तुमच्यासारखंच मशिन आहे. आमच्या माणसानं दोन वेळा लावून बघितलं. कार्ड तर कोरं आहे." त्यांनी मामांकडे मान वळवली. "भूपालभाई, शनिवारी तुम्ही एवढे मुंबईपर्यंत आलात, म्हणालात की डिझाइनं कारखान्याची आहेत, पोरीला पाठवत नाही, पण हे घ्या. मी म्हटलं, ठीक. आता बघतो तर आत काही नाही. मामा भाचीचं कार्ड आणणार, भाची मामासाठी कोरं कार्ड ठेवणार. तुमच्या घरचं काय ते तुम्ही मिटवा. अशा ठिकाणी आपला धंदा नाही होत."

ते उठले, मला नमस्कार केला आणि गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि आईचा उंबरा त्या गाडीबरोबर गेला.

मी मामांकडे पाहिलं. ते आता खाली बघतील, म्हणून मी थांबले. त्यांनी खाली पाहिलं नाही. माझ्याकडे सरळ पाहत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

"कोरं?" ते म्हणाले. "कोरं ठीवलंस व्हय माझ्यासाठी?"

"मामा, तुम्ही नेलंत?"

"न्हेलं! न्हेलं की. माझ्या घरातलं मी न्हेलं. मशिन माझं, लाइट माझी, खोली माझी. आन तू शेठचं बोट धरून चाललीस मुंबईला, आक्काला घिऊन. मग मी काय हितं मागाकडं बघत बसू? चूल कोण पेटवंल माझी?" त्यांचा आवाज फाटला. "तरी मी म्हंतोय, डिझाइनं आपली राहतील, पोर आपल्याजवळ राहील, सगळ्यांचंच भलं. तर तू आधीच सगळं काढून दुसरीकडं ठीवलंस! बाहुबलीला जायच्या आधी! शेठपुढं माझं तोंड काळं केलंस. पोटच्या पोरीगत सांभाळलं गं तुला."

इतका वेळ मला काही उमगत नव्हतं, आता एकदम सगळं लख्ख दिसलं. मामांनी आधी मशिन बंद केलं होतं. चालत्या मागात हात घालू नये, हे ते स्वतः प्रत्येक नव्या कामगाराला शिकवायचे. मग जॅकार्डवरून कार्डं उतरवावीत तसं त्यांनी कार्ड उतरवलं, रुमालात बांधलं आणि मुंबईला नेलं. आत मोर आहेत, पोपट आहेत, रुईफूल आहे अशा खात्रीनं. त्यांच्या आयुष्यात कुठल्याही कार्डानं आपल्यावरचं फूल कधी विसरलेलं नव्हतं. ट्रकच्या बॅटऱ्या त्यांनी उतरवून आणल्या त्या काम अडू नये म्हणून. लाइट गेली तर पहिल्यापासून, असं मी म्हणाले होते. कार्ड हातात घेतलंत तरी पहिल्यापासून, हे मी कशाला सांगितलं असतं? आणि सगळं कार्डावर आहे, हे तर मीच सांगितलं होतं, हौसेनं, झाकण उघडून.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते: मामा, कार्ड कोरं नव्हतं. तुम्ही बटण दाबलंत त्या क्षणी ते कोरं झालं. माझा महिना तुम्ही तुमच्या हातानं पुसलात.

पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं. मी कुठेही काही लपवून ठेवलं नव्हतं. माझं होतं नव्हतं तेवढं तुमच्या ओटीत टाकून, तुमच्या नावानं देवाकडे मागायला मी डोंगर चढून गेले होते. हे शब्द या माणसासमोर उच्चारायचे? चोरानं माझ्याकडून ऐकायचं, की मी त्याच्यावर किती माया केली? अंगाची आग आग झाली. लुटले गेले होते, ते गेलेच होते. वर मूर्ख ठरायचं नव्हतं.

मामांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "खरं सांग. तुला म्हाईत होतं न्हवं, मी न्हेणार ते?"

"होय," मी म्हणाले.

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं, आता ते खचतील. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी एक लांब श्वास सोडला, खांदे सैल झाले आणि चेहऱ्यावरचा ताण हळूहळू ओसरला.

"मग बरं झालं बाई," ते म्हणाले. "चार दिस अन्न ग्वाड लागलं न्हाई बघ. सारखं वाटायचं, पोरगी डोळं झाकून माझ्यावर टाकून गेलीया, आन मी हे काय करून बसलो. पर तुझाबी इस्वास न्हवताच म्हंटल्यावर..." त्यांनी दोन्ही हात झटकले. "फिटंफाट झाली. मी तुला फसवाय गेलो, तू मला फसवलंस."

मला ओरडावंसं वाटलं, नाही हो, होता विश्वास, होता! पण ते आता कुणाला खरं वाटणार होतं? मीच तर माझ्या तोंडानं त्यांना मोकळं केलं होतं. त्यांनी मला लुबाडलं, आणि त्याचं ओझं त्यांच्या खांद्यावरून उतरवून घ्यायलाही मीच पुढे झाले.

मामा उठले, टोपी सारखी केली आणि स्वयंपाकघराकडे निघाले. "आक्का, वाढ गं. भूक लागलीया आज."

आईनं ताट केलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वर दही. मामा मन लावून जेवले. दुसरी भाकरी मीच वाढली, आई चुलीपाशी होती म्हणून. त्यांनी ती घेतली, भाजीत बुडवून घास तोंडात घातला आणि खूप दिवसांनी पूर्वीसारखे हसले.

"तुझी पोर अगदी माझ्यावर गेलीया हं, आक्का. कुणावर म्हणून इस्वास ठेवायची न्हाई."

आईनं चुलीपुढून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते खरं वाटलं.